जर्मनीच्या नव्या ध्वनिमुद्रिकांनाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला जर्मन संगीतावरचा लेख आवडीने वाचला. बाख, बीथोवेन आणि वाग्नर यांच्याविषयी लेखकाने मनापासून लिहिले आहे. पण वाग्नरपाशी लेख संपला आणि पुढच्या सगळ्या काळाची 'नंतर रॉक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत आले' या एका वाक्यात बोळवण झाली. ते मला अजिबात पटले नाही. जर्मनीत आजही दर वर्षी ऐकायलाच हव्यात अशा ध्वनिमुद्रिका निघतात, आणि रॉक, प्रायोगिक व ऑर्गनसंगीत ही तिन्ही अंगे एकमेकांत मिसळलेली असतात. मराठी वाचकाला त्यांची नावेसुद्धा कळू नयेत, याचे वाईट वाटते.

फोल्कर बेर्टेलमान यांचेच पाहा. ड्युसेलडॉर्फचा हा संगीतकार 'हाउश्का' या नावाने ओळखला जातो. पियानोच्या तारांवर निरनिराळ्या वस्तू ठेवून तो वाजवण्याबद्दल त्यांचे नाव आहे. पहिल्या महायुद्धावरच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या जर्मन चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना २०२३ चे ऑस्कर मिळाले. या संगीताचा कणा म्हणजे तीनच स्वर, आणि ते वाजतात एका जुन्या हार्मोनियमवर. बेर्टेलमान यांच्या पणजीची ही पेटी दुरुस्त करून घेतलेली होती. तिचा स्वर त्यांनी रॉकवाल्यांच्या गिटारसारखा अॅम्प्लिफायरमधून फाडून काढला. शिवाय आतल्या लाकडाची करकर आणि भात्याचा आवाज मुद्दाम राहू दिला. चित्रपटाला रणगाडे नव्हे तर ही पेटी भयाण करते. २०२३ मध्येच त्यांचा 'फिलॅन्थ्रॉपी' हा अल्बमही आला. तो पुष्कळ हलका आणि मोकळा आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावेत.

हे मी मिरजेत बसून लिहिते आहे आणि पेटीचा विषय आमच्या अगदी जवळचा आहे. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन असायचा. पायाने भाता मारायचा, लांब दम असलेला. नाट्यसंगीताचा तो भरदार स्वर आजही जुन्या श्रोत्यांच्या कानात आहे. याच जातीच्या हातपेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आक्षेप असा की पेटीत श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक भेद, सापडत नाहीत आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही; पट्टी दाबली की जो ठरलेला तोच स्वर. आक्षेप खोटा नव्हता. म्हणूनच जर्मनीतल्या कलोनच्या संत पीटर चर्चमधला नळ्यांचा मोठा ऑर्गन आपल्याकडच्या प्रत्येक पेटीवादकाने ऐकावा असे मला वाटते. पीटर बारेस या संगीतकाराने आखलेल्या या वाद्यात नळ्यांना मिळणारा वारा वाजवता वाजवता कमी करता येतो. वारा मंदावला की स्वर जागचा हलतो, घसरतो, अर्धवट विरतो. वाद्याला तालवाद्येही जोडलेली आहेत. डोमिनिक झुस्टेक हे तिथे बरीच वर्षे ऑर्गनवादक होते. 'वेर्गो' या कंपनीने काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत लिगेती आणि श्टोकहाउझेन या विसाव्या शतकातल्या प्रयोगशील संगीतकारांच्या रचना या वाद्यावर ऐकायला मिळतात. पट्ट्यांचे वाद्य जागेवर गोठलेले असते, हा समज त्या ऐकून गळून पडतो.

ऑर्गन म्हणजे फक्त प्रार्थना, हेही तिथे केव्हाच मागे पडले आहे. हाम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी सभागृहात बॉनच्या क्लाइस कारखान्याने ४,७६५ नळ्यांचा ऑर्गन बसवला आहे. तिथे चर्चमधली वेदीही नाही आणि क्रूसही नाही. ऑर्गनवादक इवेता आप्काल्ना या मूळच्या लाटवियाच्या. या वाद्यावर त्यांनी केलेला 'लाइट अँड डार्क' हा अल्बम २०१८ मध्ये आला. ऑर्गन बांधण्याची कला आणि ऑर्गनसंगीत यांना युनेस्कोने २०१७ साली जर्मनीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, त्या सुमारास देशात जवळपास ५०,००० ऑर्गन असल्याची नोंद आहे. इतकी वाद्ये असलेल्या देशात रॉकच्या पोरांनी ऑर्गनला हात लावला नसता तरच नवल. इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे बर्लिनचे क्लाउस शुल्झ यांनी १९७२ च्या 'इरलिश्ट' या अल्बममध्ये बिघडवलेला विद्युत ऑर्गन वापरला होता. त्यांचा 'डेउस अराकिस' २०२२ च्या उन्हाळ्यात आला, पण तो बाहेर पडलेला पाहायला ते राहिले नव्हते. त्याच वर्षी २६ एप्रिलला ते गेले.

'आइन्स्ट्युरत्सेंडे नॉयबाउटन' या गटाविषयी तर पानभर लिहायला हवे. १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेला हा गट लोखंडी पत्रे, स्प्रिंगा, प्लास्टिकचे पाइप आणि ड्रिल मशीन वाजवतो. सुरुवातीला लोकांनी त्याला गोंगाट म्हटले आणि तो गोंगाट होताही. पण गटाचे गायक ब्लिक्सा बार्गेल्ड यांचे शब्द आणि मौनाच्या जागा नीट ऐकल्या की त्यामागची शिस्त दिसते. एप्रिल २०२४ मधला त्यांचा 'राम्पेन' हा दोन तबकड्यांचा अल्बम २०२२ च्या दौऱ्यात मंचावर आयत्या वेळी सुचलेल्या संगीतातून घडला आहे. अशा तुकड्यांनाच हा गट 'राम्पेन' म्हणतो. ख्यालातल्या उपजेवर जीव टाकणाऱ्या श्रोत्याला यात परके काय वाटावे?

कलोनच्याच 'कॅन' या रॉक गटाच्या १९७३ ते १९७७ मधल्या मैफली २०२१ पासून एकेक करून बाहेर येत आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा फिती श्रोत्यांनी स्वतःच्या यंत्रांवर टिपलेल्या होत्या आणि त्या साफसूफ करून घेण्यावर गटातलेच इर्मिन श्मिट यांनी लक्ष ठेवले. श्मिट आणि गटातले होल्गर चुकाय हे दोघेही श्टोकहाउझेन यांचे विद्यार्थी. 'लाइव्ह इन पॅरिस १९७३' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, गायक दामो सुझुकी यांच्या निधनानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. आपल्याकडे खासगी मैफलींच्या किती फिती कपाटांत बुरशी धरून पडल्या आहेत, हा विचार त्या ऐकताना सतत छळतो.

संपादक महोदय, माझी मागणी मोठी नाही. पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा रकाना नव्या परदेशी ध्वनिमुद्रिकांना द्यावा. त्यात वाद्य कोणते, ते कसे चालते आणि आपल्या कानाला ते कुठे ओळखीचे लागेल, हे लिहिले जावे. किती खप झाला, कोणाचे कोणाशी बिनसले, याची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात माहिती देणारी माणसे आहेत, आणि सांगली-मिरजेचे पेटीवादक मत द्यायला आनंदाने तयार होतील. पहिला लेख हार्मोनियमवाल्या हाउश्कावरच यावा, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज