जोडीदार पाण्यात हवा, काठावर नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर शहरातून आलेला एक तरुण स्पिअरगन, म्हणजे पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक, घेऊन खडपाजवळ बुड्या मारत होता. वर आल्यावर मी विचारलं, ‘तुझ्यावर लक्ष कोणाचं?’ त्याने काठावर मोबाइल धरून उभ्या असलेल्या मित्राकडे बोट दाखवलं. त्या मित्राला पोहताही येत नव्हतं.

भाल्याने मासे मारणं हा खरं तर दमाचा खेळ. बुडीआधी भराभर श्वास घेऊन दम वाढवायची युक्ती लहानपणी आम्हीही करायचो. त्यातून वाचलो ते नशिबाने. असे श्वास घेऊन प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड घटतो. ‘आता वर चल’ असं शरीराला सांगणारा तोच. तो गप्प झाला की माणूस खाली निवांत रेंगाळतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, त्यामुळे उरलासुरला प्राणवायूही तिथे पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी डोकं पाण्याबाहेर आल्यावरही, शुद्ध हरपते. हातपाय झाडणं नाही, हाक नाही. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगा आरामात तरंगतोय.

म्हणून एक खाली, एक वर, आणि वरचाही पाण्यातच. खालचा वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्यावरून नजर हटवायची नाही. बुडायला मदत म्हणून कमरेला बांधायचं शिशाचं वजन इतकंच, की श्वास सोडल्यावरही माणूस वरच तरंगेल. लागलेला मासा खबदाडीत शिरून दोरी अडकली तर मासा आणि भाला दोन्ही सोडून द्यायचे. हे सगळ्यांत जड जातं, मला माहीत आहे.

गन पाण्याबाहेर कधीही भरू नये. सोबत तरंगता बोया आणि ‘खाली माणूस आहे’ असं सांगणारा, पांढऱ्या तिरप्या पट्ट्याचा लाल झेंडा हवा. अर्थात आमच्याकडे तो झेंडा ओळखणारे होडीवाले किती? तेव्हा उतरण्याआधी जेटीवर सांगून जाणं बरं.

माशाबद्दलही थोडं. हेकरूच्या, म्हणजे ग्रुपरच्या, बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो, वाढल्यावर नर होतो. फोटोसाठी सर्वांत थोराड हेकरू टिपला की त्या खडपावरचा नरच गेला. जायंट ग्रुपर या सर्वांत मोठ्या हेकरूला तर वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारणं गुन्हा आहे, हे गन विकणारा सांगत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, पण त्याची हद्द पाण्यावर आखलेली दिसत नाही. निदान पर्यटकांना खोल्या देणाऱ्या आमच्या गाववाल्यांनी तिचा नकाशा दारात लावावा. माझ्या पडवीत मी लावला आहे.

आपला,
एक वाचक, मालवण