मस्टँगच्या मागच्या ॲक्सलसाठी काकांचे जाहीर आभार

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांसमोर. माझी १९६६ची मस्टँग आता हायवेला पाचव्या गिअरमध्ये निवांत चालते, आणि सिग्नलवरून निघताना मागची दोन्ही चाकं सारखा जोर लावतात. भंगारातल्या फोर्ड एक्स्प्लोररचा ॲक्सल (मागच्या दोन्ही चाकांना फिरवणारा अख्खा आस) या गाडीला लागू शकतो हे इथे मिशिगनमध्ये पुष्कळांना माहीत आहे. तो सरळ बसवणारी माणसं फार थोडी आहेत, आणि त्यातलं एक माणूस मला मराठीत समजावून सांगणारं मिळालं, हे माझं भाग्य.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६६च्या २८९ घनइंची व्ही-एट इंजिनच्या मस्टँगला कारखान्यातून आठ इंची क्राऊन व्हीलचा (इंजिनचा जोर चाकांकडे वळवणारं मोठं दातेरी चाक) ॲक्सल यायचा, शाफ्टला २८ स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) आणि मागे ड्रम ब्रेक. त्या काळच्या टायरांना आणि ताकदीला तो पुरेसा होता. पण इंजिन नव्याने बांधलं, त्यामागे पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स बसवला, रुंद टायर आले, की तो ॲक्सल सगळ्यात कमकुवत दुवा ठरतो. पूर्वी लोक फोर्डचाच नऊ इंची ॲक्सल शोधायचे. तो १९५७ पासून निघाला, अजूनही दणकट म्हणून नावाजलेला आहे, आणि म्हणूनच आता परवडत नाही.

एक्स्प्लोरर रेंजर ट्रकच्या पायावर बांधलेली. तिच्या मागच्या ॲक्सलचं क्राऊन व्हील ८.८ इंचांचं, शाफ्ट ३१ स्प्लाइनचे, आणि चाकाचे पाच बोल्ट साडेचार इंचांच्या वर्तुळावर, म्हणजे थेट मस्टँगचेच. १९९५ ते २००१च्या गाड्यांना तर मागे डिस्क ब्रेकही आहेत. (२००२ पासून मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी झुलणारं) आलं, त्यामुळे त्यापुढच्या गाड्या या कामाला बाद.) जुन्या एफ-१५०लाही ८.८ असतो, पण तो फार रुंद आणि त्याचे बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. हे सगळं मी वाचून आलो होतो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ठीक आहे, आता वस्तू बघू."

त्या दिवशी यार्डात कडाक्याची थंडी होती. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या जुन्या गाडीखाली जायचं म्हणजे डोळ्यांत गंज पडणारच. २००९ मध्ये सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायला साडेचार हजार डॉलरपर्यंत दिले, तेव्हा सर्वांत जास्त आलेली गाडी एक्स्प्लोररच होती. त्या योजनेत इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचं बंद पाडायचे, मागचा ॲक्सल मात्र सुटा विकायला परवानगी होती. तेव्हा यार्डं भरलेली असायची, आता निवडून घ्यावं लागतं. तुम्ही या वयात पुठ्ठा टाकून गाडीखाली सरकलात, डिफ्रन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या दातेरी चाकांच्या पेटीच्या) झाकणाच्या बोल्टला अडकवलेली पत्र्याची चिठ्ठी वायर ब्रशने घासलीत आणि मला वाचायला सांगितलंत: ३ एल ७३. म्हणजे ३.७३चा रेशो (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या ३.७३ फेऱ्यांना चाकाचा एक), आणि एल म्हणजे लिमिटेड स्लिप, एकच चाक नुसतं घसरत फिरू नये अशी सोय. तरीही चिठ्ठीवर विसंबला नाहीत. डाव्या बाजूची डिस्क हाताने फिरवलीत, उजवीही त्याच दिशेला फिरली, तेव्हा कुठे "घे" म्हणालात. आणि शेजारच्या दुसऱ्या एक्स्प्लोररचा उजवा शाफ्टही काढून घ्यायला लावलात.

तो जादा शाफ्ट कशाला, हे मला यार्डातच समजावलंत. एक्स्प्लोररचा पिनियन, म्हणजे क्राऊन व्हीलला फिरवणारं छोटं दातेरी चाक, मधोमध नसतो, उजवीकडे थोडा सरकलेला असतो. म्हणून शाफ्टभोवतीची डावी नळी लांब, उजवी आखूड. शिवाय सगळा ॲक्सल साडेएकोणसाठ इंचांच्या आसपास, आणि १९६६च्या मस्टँगचा मूळचा सव्वासत्तावन्न. १९६७ ते ७०च्या गाड्या थोड्या रुंद, त्यांना तो न कापताही चालवतात. माझ्या गाडीला मात्र चाक मडगार्डला घासलं असतं. लांब नळी आखूड नळीएवढी केली आणि दोन्हीकडे उजवेच शाफ्ट घातले, की रुंदीही उतरते आणि पिनियनही मधोमध येतो. शाफ्ट कापून नव्याने स्प्लाइन पाडायची गरजच राहत नाही.

एका वर्कशॉपमध्ये याच कामाला मला नकार मिळाला होता. भंगारातल्या मालाला आम्ही हात लावत नाही, असं सांगून मला दारातूनच परत पाठवलं. तुमच्या गॅरेजमध्ये तोच ॲक्सल तुम्ही केरोसिनने धुऊन, दोन घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून, त्याभोवती एक फेरी मारलीत आणि आधी काकूंना हाक मारलीत, टेपचं दुसरं टोक धरायला. काकूंनी प्रत्येक माप कालनिर्णयाच्या चौकटींत लिहिलं, दुधाच्या हिशेबाशेजारी. दोन शाफ्ट शेजारी ठेवून फरक मोजलात: तीन इंचांना एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. इंटरनेटवरचा आकडाही तोच होता, तरी तुम्ही तो स्वतः मोजून घेतलात.

पुढचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. नळीला आडवी रेघ मारायला तुम्ही कागदाची लांब पट्टी घेतलीत, नळीभोवती गुंडाळलीत, कडा एकमेकींवर तंतोतंत आल्या तेव्हा खडूने रेघ ओढलीत. कापण्याआधी नळीवर एक उभी रेघही कोरलीत, म्हणजे टोक परत जोडताना ब्रेकचा फ्लँज (ब्रेक बसवायची कड) जरासुद्धा फिरू नये. लेथवर चार चकत्या काढल्यात: दोन आत डिफ्रन्शियलच्या बेअरिंगच्या जागी, दोन नळ्यांच्या टोकांना. त्या चारांतून एक सरळ पोलादी बार आरपार. बार हाताने फिरतोय तोवर हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) सरळ आहे, एवढं सोपं करून ठेवलंत. मग समोरासमोर चार टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), बार फिरवून बघ. इंचभर वेल्ड, थांब, पलीकडच्या बाजूला इंचभर. मध्ये हात टेकवता येईल इतकं निवू द्यायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर सुरुवात केलेला माणूस इथल्या डाय शॉपमध्ये (साचे बनवणाऱ्या कारखान्यात) नोकरी करून निवृत्त झाला, तरी त्याच्या हाताला घाई माहीत नाही.

शेवटच्या टाक्यानंतर बार किंचित जड झाला. तुम्ही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत. नळी ज्या बाजूला ओढली गेली होती तिच्या विरुद्ध बाजूला टॉर्चने रुपयाएवढा ठिपका लाल केलात आणि तसाच निवू दिलात. निवताना धातू आकसतो आणि नळीला परत ओढतो. दुसऱ्या ठिपक्यानंतर बार एका बोटाने फिरला. पैसे देऊन हे कुठेही शिकायला मिळालं नसतं, आणि मिळालं असतं तरी इतक्या मायेने नाही.

कमानींच्या (पाट्यांच्या स्प्रिंगांच्या) बैठका जोडतानाही तुम्ही मला थांबवलंत. एक्स्प्लोररच्या बैठका कापून काढल्या, नव्या सैल ठेवल्या, आणि गाडीचं पूर्ण वजन चारी चाकांवर आल्याशिवाय टॅकसुद्धा मारू दिला नाहीत. जॅकवर लटकलेल्या गाडीत पिनियनचा कोन खोटा दिसतो. पिनियनचं तोंड गिअरबॉक्सच्या शाफ्टशी समांतर रेषेपेक्षा दोन अंश खाली ठेवायला लावलंत, कारण जोर लागला की पाटे पिळतात आणि ते तोंड वर उचललं जातं. प्रॉपेलर शाफ्ट आता ताशी सत्तर मैलांनाही अजिबात थरथरत नाही. पाचवा गिअर ०.६८चा (इंजिनच्या ०.६८ फेऱ्यांना प्रॉपेलर शाफ्टचा एक), म्हणजे ३.७३ असूनही हायवेला मूळच्या ॲक्सलपेक्षा इंजिन सावकाश फिरतं. लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेटा झिजलेल्या होत्या, त्या बदलल्या. एक्स्प्लोररच्या पिनियनला गोल फ्लँज असतो, त्याचा ॲडॉप्टर विकत मिळाला. बाकी ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबली ही किरकोळ कामं, ती मीच उरकली.

हे सविस्तर लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्यातली चार-पाच मुलं जुन्या गाड्यांवर काम करतात, आणि काकांना कसं विचारायचं म्हणून संकोचतात. त्यांनी बेलाशक विचारावं. तुम्ही नाही म्हणणार नाही, हे मी तुमच्या वतीने सांगून टाकतोय, रागावू नका. बार आणि चकत्या माझ्याकडेच आहेत, ज्याला लागतील त्याला आधी तुमच्याकडे पाठवीन.

पहिल्या पाचशे मैलांनंतर तेल बदलायचं तुम्ही बजावलं होतं, ते आता जवळ आलंय. झाकण तुमच्यासमोरच उघडायचं आहे, दातांवरचा माग तुम्ही बघावा म्हणून. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, त्या शनिवारी तुम्ही आणि काकू गाडीत बसणार आहात. काकूंना पुढची सीट.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
मस्टँगवाला