धातूंचं तेरावं घालायची घाई कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘धातूविना रसायनशास्त्र’ हा लेख वाचला, धातूंऐवजी छोटे सेंद्रिय रेणू कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) म्हणून वापरण्यावरचा. विषय मराठीत आणल्याबद्दल लेखकाचं अभिनंदन. असे लेख आपण नोबेलच्या आगेमागेच छापता, पण असो. अभिनंदन इथेच संपतं. ‘पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महागडे, विषारी धातू आता इतिहासजमा’ हे वाक्य चौकटीत, ठळक टायपात छापण्याआधी एखाद्या केमिस्टला फोन करायला काय हरकत होती? की अंबरनाथ, तारापूर, लोटे इथल्या रासायनिक कारखान्यांतले लोक आपला पेपर फक्त गॅस्केट कापायला घेतात असा आपला समज आहे?

याच धातूविना पद्धतीसाठी लिस्ट आणि मॅकमिलन यांना मिळालेलं 2021 चं रसायनशास्त्राचं नोबेल रास्तच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण लिस्ट यांच्या 2000 सालच्या त्या गाजलेल्या आल्डॉल अभिक्रियेत (दोन छोटे रेणू जोडायच्या) प्रोलिन, म्हणजे कॅटॅलिस्ट म्हणून वापरलेलं अमिनो आम्ल, किती घातलं होतं, हे लेखात कुठे आहे? मोलच्या हिशेबात 30 टक्के, म्हणजे कच्च्या मालाच्या दर 100 रेणूंमागे 30! पॅलेडियमचं कपलिंग (दोन रेणू जोडणं) बहुधा थोड्याशा टक्क्यांत उरकतं, प्लँटवर तर त्याहूनही खूप कमीत. शिवाय वापरलेला कॅटॅलिस्ट ड्रममध्ये भरून रिफायनरकडे जातो आणि धातूचे पैसे वळते होतात. प्रोलिन स्वस्त खरं, पण ते धुण्याच्या पाण्यातून ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला) गेलं की सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) कुणी बघायचा? लेखकाने? आणि मॅकमिलन यांचं नाव घेऊन आपण धातूंचं तेरावं घातलंत, त्यांच्याच प्रयोगशाळेत पुढे प्रकाशाच्या मदतीने इरिडियम आणि निकेल जोडीने राबायला लागले, हे लेखकाच्या कानावर आलेलं दिसत नाही.

विषारी म्हणाल, तर गोळीतून रोज पोटात जाणाऱ्या पॅलेडियमला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घालून दिलेली आहे आणि क्यूसी (गुणवत्ता तपासणी विभाग) ती तपासतं. रक्तदाबाची लोसार्टन मर्क या औषध कंपनीने सुझुकी कपलिंगनेच, म्हणजे पॅलेडियमवरच, बनवली होती. आपल्या संपादकीय विभागात दोघे-तिघे तरी ती घेत असतील.

मी एवढा का चिडलो, ते सांगतो. कोकणातल्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शनला होतो. नाव लिहीत नाही, मालक रस्त्यात भेटले तर अजून ओळख देतात. आमच्या आर अँड डीने (संशोधन विभागाने) एक ‘मेटल-फ्री’ कपलिंग आणलं. पेपर वाचून आणलेलं. पॅलेडियमचा खर्च वाचणार म्हणून मीटिंगमध्ये पेढे फिरले. सुरुवातीच्या बॅचेस जुन्या एसएस (स्टेनलेस स्टीलच्या) रिअ‍ॅक्टरमध्ये घेतल्या, झकास झाल्या. मग नवा ग्लास-लाइन्ड (आतून काचेचं अस्तर असलेला) रिअ‍ॅक्टर आला. तोच कच्च्या मालातल्या बोरॉनिक अ‍ॅसिडचा लॉट, तेच तापमान, तेवढाच वेळ. रात्रभर ढवळून सकाळी टीएलसी (पट्टीवर ठिपके पाहून अभिक्रिया झाली का ते सांगणारी चाचणी) मारली, तर कच्च्या मालाचा ठिपका जिथल्या तिथे.

पुढचं ज्यांनी शिफ्ट केली आहे त्यांना सांगायला नको. चार्जिंगचा क्रम चुकला, नायट्रोजन नीट मारला नाही, ऑपरेटर झोपला होता, सगळं झालं. मला मेमो आला आणि त्या वर्षीची इन्क्रिमेंट गेली. ज्याला झोपाळू ठरवलं त्या ऑपरेटरने मात्र पहिल्याच सकाळी मला सांगितलं होतं, “साहेब, जुन्याचा बॉटम व्हॉल्व्ह खोलला की अजून काळं लागतं हाताला.” त्या रिअ‍ॅक्टरमध्ये आधी वर्षानुवर्षं पॅलेडियमच्या बॅचेस निघत होत्या. व्हॉल्व्हच्या सीटखाली तो काळा थर घट्ट बसला होता, कितीही मिथेनॉल फिरवा, हलायचा नाही. ते काळं पत्तीने खरवडून चिमूटभर फ्लास्कमध्ये टाकलं, आणि दुपारच्या चहापर्यंत ठिपका गायब! आर अँड डीने गपचूप बॅच शीटमध्ये पॅलेडियमची ओळ वाढवली. मेमो कुणी मागे घेतला नाही. ऑपरेटरचं नाव कुठल्याच रिपोर्टात आलं नाही.

हे फक्त आमच्याच नशिबी होतं असं नाही. लेडबीटर यांच्या गटाने 2003 मध्ये धातूविना सुझुकी कपलिंग जाहीर केलं आणि 2005 मध्ये त्यांनीच पुन्हा तपासून सांगितलं की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम होतं, अब्जात 50 भाग! 2009 मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी दाखवलं की फेरिक क्लोराइडच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) नावावर खपलेल्या काही अभिक्रियांमागे त्यातलं तांबं होतं. मॉस्कोच्या अनानिकोव यांच्या गटाने 2019 मध्ये मॅग्नेटिक स्टररच्या टेफ्लॉन चढवलेल्या कांड्या तपासल्या, तर त्यांच्या ओरखड्यांत आधीच्या प्रयोगांचे धातू अडकलेले. आणि ज्या 2021 चा आपण एवढा गौरव केलात, त्याच वर्षी ‘नेचर कॅटॅलिसिस’मध्ये अमाइनच्या (नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) जोरावर, धातूविना, सुझुकी केल्याचा पेपर आला आणि वर्षाच्या आत मागे घ्यावा लागला. ते अमाइन बनवताना वापरलेलं पॅलेडियम त्यात तसंच राहिलं होतं. यातलं एक अक्षर लेखात नाही. ‘हरित’ हा शब्द मात्र परिच्छेदागणिक आहे.

आता आकृतीबद्दल. लेखाचा सगळा भर डाव्या-उजव्या (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या) रेणूंवर, आणि ‘एल-प्रोलिन’ म्हणून छापलेली आकृती डी-प्रोलिनची! पान लावणाऱ्याने ती मजकुराकडे तोंड करावी म्हणून आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटवली असणार. अक्षरं तेवढी सुलटी करून घेतली, जाड पाचर (बंध कागदाबाहेर येतो हे दाखवणारी खूण) राहिली तशीच. हे प्रोलिन घालून कुणी लिस्ट यांचा प्रयोग केला, तर माल बरोबर उलट्या हाताचा निघेल. अकरावी-बारावीची मुलं अशी कात्रणं वहीत चिकटवतात. तेव्हा दुरुस्ती छापा, आणि मागच्यासारखी टेंडर नोटिसांच्या खाली नको, त्याच पुरवणीत, आकृतीसकट.

कळावे,
एक निवृत्त प्रॉडक्शन केमिस्ट, चिपळूण