निनादला पत्र : दोन रंगांचा खडा घेण्याआधी

नौपाडा, ठाणे
रविवार दुपार

चि. निनादास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला टूरमलीनच्या खड्याचा फोटो मी चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, मोबाईल लांब धरूनही पाहिला. अर्धा गुलाबी, अर्धा हिरवा. देखणा आहे, वाद नाही. पण ऋचाच्या साखरपुड्याच्या अंगठीत हाच बसवायचं ठरवलंस म्हणतोस, तिथे मला बोलायचंय. फोनवर तू "हो गं, हो गं" करून सटकतोस, म्हणून लिहिते.

राम मारुती रोडच्या सराफाकडे मी काउंटरवर एकवीस वर्षं उभी होते, हे तुझ्या लक्षात असतं ते फक्त सोन्याचा भाव विचारताना. तिथे टूरमलीनची एक गंमत रोज दिसायची. काचेच्या कपाटातले दिवे तापले की बाकी खड्यांपेक्षा यांच्यावर धूळ जास्त बसायची. मी त्यांना धूळखाऊ म्हणायचे. हा खडा तापला की त्याच्या दोन टोकांना वीजभार येतो आणि तो बारीक कण ओढतो, हे पुढे कळलं. डच व्यापारी म्हणे तापवलेल्या टूरमलीननेच चिलमीतली राख ओढून काढत आणि त्याला राख-ओढ्या म्हणत. टूरमलीन हे नाव मात्र श्रीलंकेच्या सिंहली भाषेतलं. आपल्याकडचे जुने लोक तुरमली म्हणतात.

आता रंगांचं. हे रंग कोणी चढवलेले नसतात. खडकाच्या पोकळीतल्या गरम द्रवात हा स्फटिक पेन्सिलीसारखा लांब वाढत जातो. द्रवात मँगेनीज असेल तेव्हा तो गुलाबी वाढतो, लोह आलं की हिरवा. लांबीच्या मधेच द्रव बदलला तर तुझ्या फोटोतला दुरंगी खडा होतो. आतून बाहेर वाढताना बदलला तर गाभा गुलाबी आणि साल हिरवी, त्याला तर कलिंगडच म्हणतात. तो आडवा कापून चकत्या करतात. जांभळी नाक्याला गाडीवर मांडलेल्या फोडी आठव. ब्राझील, अफगाणिस्तान, नायजेरिया, मोझांबिक इथून असा माल येतो.

पण जिथे द्रव बदलला तिथेच बहुधा खड्याचा जीव नाजूक असतो. दोन रंगांच्या सांध्यावर ताण असतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका बाईंनी परदेशातून आणलेला असाच खडा अंगठीत बसवायला दिला. आमच्या कारागिराने खडा धरून ठेवणारी शेवटची नखी दाबली आणि टक् आवाज आला. बरोब्बर सांध्यावर दोन तुकडे, एक गुलाबी, एक हिरवा. त्याची चूक नव्हती. तरी मालकांनी पैसे त्याच्या पगारातून कापले आणि मी गप्प बसले. अजून टोचतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : रोज घालायच्या अंगठीत हा खडा नको. त्याचा कठीणपणा दहापैकी सात ते साडेसात, म्हणजे क्वार्ट्झपेक्षा थोडाच वर. नीलम, माणिक नऊला असतात. आणि ऋचा फिजिओथेरपिस्ट. दिवसभर हात कामात, तासातासाला हात धुणं. टूरमलीन ऑक्टोबरचा जन्मखडा मानतात, तेव्हा तिचा ऑक्टोबरचा वाढदिवस म्हणून हाच खडा हवा असेल तर गळ्यातलं कर. कानातलंही छान होईल, पण रंगाची तंतोतंत जोडी जमवताना तू रडकुंडीला येशील. अंगठीच हवी असा तिचाच हट्ट असेल, तर खड्याला चारही बाजूंनी सोन्याची कड येईल असं कोंदण कर आणि ती फक्त समारंभाला. पाठ मात्र उघडी ठेवायला सांग. जुन्या पद्धतीचं बंद कोंदण केलं की मागून उजेड येत नाही आणि पारदर्शक खडा मरतो.

निवडताना सगळा वेळ सांध्यावर घालव. दोन्ही रंग स्वच्छ हवेत, मधला पट्टा मळकट तपकिरी नको. हिरवं टोक बाटलीच्या काचेसारखं काळपट असेल तर मला आवडत नाही, कितीही मोठा असो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली गुलाबी खुलतो, म्हणून खडा दारात नेऊन दिवसाच्या उजेडात बघ. हा खडा फिरवला की एकाच रंगाची गडद-फिकी छटाही बदलते, त्याला फसू नकोस. खरी रंगरेषा खडा फिरवला तरी जागा सोडत नाही. घाट लांबट, चौकोनी घे. गोल पैलूंत आतल्या आत उजेड उसळून दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात.

दोन तुकडे चिकटवलेला माल ओळखायला रेषा सरळ आणि धारदार आहे एवढं पुरत नाही, नैसर्गिक सांधाही कधी कधी तसाच असतो. दहापट भिंगाने बाजूने बघ. सांध्यात बारीक बुडबुडे एका पातळीत मांडलेले दिसले तर तो गोंद. उलट केसासारखी एखादी नळी गुलाबीतून हिरव्यात अखंड गेलेली दिसली तर जीव भांड्यात पडला समज. असल्या खड्यात, त्यातही गुलाबी भागात, थोड्या रेघा असायच्याच. फक्त पृष्ठभागापर्यंत आलेली भेग नको. भेगेत राळ भरली आहे का, हे बिलावर लिहून घे आणि मुंबईतल्या एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेचा दाखला माग. किरणांनी गडद केलेला गुलाबी मात्र प्रयोगशाळेलाही खात्रीने ओळखता येत नाही, तेव्हा त्याबद्दल दुकानदाराने छातीवर हात ठेवून शपथ घेतली तरी तिच्यावर पैसे लावू नकोस. वजन कॅरेटमध्येच लिहून घे, रत्तीत नको.

घरी धुवायचा तर कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. सराफाकडच्या, कंपनांनी दागिने धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये टाकायला दिलास तर मला सांगूही नकोस.

कुणी ज्योतिषी "उपरत्न आहे, लाभेल" म्हणाला तर नमस्कार करून निघ. आपल्याला तो डोळ्यांना हवाय.

एकच विचारते, ऋचाला फोटो दाखवलास का? सरप्राइज वगैरे ठीक, पण तिला हिरवा आवडतो का हे तुला ठाऊक आहे? तिने मागे साडी घेताना दोनदा हिरवी बाजूला ठेवली होती, मी बघत होते.

दुकानदाराला अजून पैसे देऊ नकोस. शनिवारी पुण्याहून सकाळच्या गाडीने ये, खडा परतीच्या बोलीवर घेऊन ये. भिंग माझ्या कपाटात आहे, चष्म्याच्या डबीत. येताना टॉर्चचे सेल तेवढे आण, इथले संपलेत.

तुझी
आई