इनेव्हिटेबल म्हणजे नक्की कोणाला टाळता आलं नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा भाचीच्या इंग्रजीच्या वहीत 'इनेव्हिटेबल' हा शब्द वाक्यात वापरा असा प्रश्न होता आणि तिनं लिहिलेलं, एक्झाम इज इनेव्हिटेबल टू अव्हॉइड. बाईंनी लाल रेघ मारलेली. मी समजवायला बसलो की अगं, टाळता येत नाही हे त्या शब्दाच्या पोटातच आहे, मग परत टू अव्हॉइड कशाला, नुसतं एक्झाम इज इनेव्हिटेबल म्हण की झालं. तर म्हणते, मामा पण मागच्या वर्षी मला ताप आला तेव्हा परीक्षा टळलीच होती ना! मला काही उत्तर सुचेना. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थबकतो, आणि तुमच्या पेपरात तो सारखा दिसतो, कधी देवनागरीत तसाच, कधी 'अपरिहार्य' होऊन, म्हणून हे पत्र.

मूळ लॅटिनमधलं, एव्हितारे म्हणजे टाळणे आणि त्याच्या आधी नकाराचा इन. म्हणजे बांधणी आपल्या अपरिहार्यसारखीच. गंमत अशी की इंग्रजीत नकार काढलेला 'एव्हिटेबल' पण आहे, पण बोलताना तो कोणाच्या तोंडी येत नाही, आणि आपला 'परिहार्य'सुद्धा तसाच कोपऱ्यात पडलाय. टाळता येणाऱ्या गोष्टीचा शब्द दोन्हीकडे गंजला आणि न टाळता येणाऱ्याचा मात्र रोज घासूनपुसून वापरात, याचं मला आधी हसू आलं, मग जरा विचारात पडलो. अपरिहार्य हा शब्द गीतेत आहे, दुसऱ्या अध्यायातला २७ वा श्लोक, जन्मला त्याला मरण ठरलेलं आणि मेला त्याला जन्म ठरलेला, म्हणून या अपरिहार्य गोष्टीचा शोक करू नकोस असं अर्जुनाला सांगितलंय. तिथे शब्द शोभतो हो. आता तो कुठे असतो तर 'अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द'. जन्ममरणावरून पार वक्ता आला नाही इथपर्यंत!

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीत टळणं वेगळं आणि टाळणं वेगळं, आणि हा फरक इनेव्हिटेबल म्हटलं की गायब होतो. संकट टळतं, ते आपलं आपण निघून जातं. माणूस मात्र टाळतो, म्हणजे तिथे कोणीतरी काहीतरी करतंय. जे टळतच नाही ते अटळ, जसं म्हातारपण. आणि जे टाळायचा खूप प्रयत्न केला पण जमलं नाही, तिथे आपण इलाज नव्हता म्हणतो, करणं भाग होतं म्हणतो. करणं भाग होतं म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोणाला भाग होतं? का? इनेव्हिटेबल म्हटलं की कोणी काही विचारत नाही, सगळे मान डोलावतात. बरं, आपल्याला बऱ्याचदा विशेषणाची गरजसुद्धा नसते. उशीर होणारच, यातला तो एक 'च' अख्ख्या इंग्रजी शब्दाचं काम करतो. तो चिडल्याशिवाय राहणार नाही, यात तर च पण नाही.

मी नोकरी करत होतो तेव्हा एकदा वरून मेल आला की काही जणांना कमी करणं इनेव्हिटेबल झालंय. कोणाचं नाव नाही, कोणी ठरवलं ते नाही, जसं काही वळवाचा पाऊस आला आणि माणसं वाहून गेली. त्याच मेलमध्ये 'आम्ही ठरवलंय' असं लिहिलं असतं तर निदान कोणाशी भांडायचं ते तरी कळलं असतं. आता एआयचं तेच चाललंय, एआय इनेव्हिटेबल आहे, अरे पण विकत घेणारा कोण, बसवणारा कोण, हे सगळं माणसंच करतायत ना?

सगळ्यात जास्त खटकतं ते अपघाताच्या बातम्यांत. गाडी भरधाव, ब्रेक तपासलेले नाहीत, वळणावर पाटी नाही आणि खाली वाक्य काय तर अपघात अपरिहार्य होता. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २००१ साली 'ॲक्सिडेंट' हा शब्दच आपल्या पानांवर नको असं ठरवलं होतं, कारण बहुतेक इजा आधी ओळखता येतात आणि टाळताही येतात, ॲक्सिडेंट म्हटलं की ते नशिबावर जातं. तेवढं टोक तुम्ही गाठा असं मी म्हणत नाही, अपघात शब्द राहू दे. पण त्याला वर अपरिहार्य तरी लावू नका.

अनिवार्यचं तर विचारूच नका. ज्याचं निवारण होत नाही ते अनिवार्य, आणि आपण लिहितो हेल्मेट अनिवार्य. अहो हेल्मेट काढून हँडलला लटकवणारे कितीतरी दिसतात, त्याला 'सक्तीचं' हा साधा शब्द होता की. आणि जाता जाता, उच्चारात शेवटी टेबल नाहीये, इनेव्हिटबल असं काहीसं आहे, जोर 'ने' या अक्षरावर, पण ते जाऊ दे, मीसुद्धा इतकी वर्षं टेबलच म्हणत आलो आणि या पत्रातही तेच लिहितोय.

बेंजामिन फ्रँकलिननं १७८९ च्या एका पत्रात लिहिलं होतं की जगात दोनच गोष्टी नक्की, मरण आणि कर. लोक हे सांगताना हमखास इनेव्हिटेबल घालतात, त्याचा शब्द 'सर्टन' होता. आणि त्यातला कर तर पैसेवाले कायद्यात बसवून टाळतात, टॅक्स अव्हॉइडन्स असं रीतसर नावच आहे त्याला. म्हणजे उरलं एकच. भाचीला आता तेच वाक्य लिही म्हणून सांगितलंय, ती म्हणाली इतकं भयाण नको, त्यापेक्षा परीक्षाच बरी.

पत्र लांबलंय, कात्री लागणारच. फक्त खाली 'जागेअभावी अपरिहार्य काटछाट' असं छापू नका, आम्ही कापलं असं लिहा, मला राग येणार नाही.

आपला एक जुना वाचक