पुढची ओळही वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुरुषाने घरात कसं वागावं, यावर आपल्या दैनिकात सध्या वाचकांची पत्रं येत आहेत. त्यातल्या एका पत्रात ‘बायबलनेही पतीला पत्नीचं मस्तक ठरवलं आहे’ असं लिहिलेलं वाचलं. वाक्य बायबलमध्ये आहे, ते मी नाकारत नाही. मी वसईचा कॅथलिक, निवृत्त शिक्षक. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, विवाहपूर्व शिबिर होतं, त्यात मी लग्न ठरलेल्या मुला-मुलींशी बोलतो. हे वाक्य तिथे कुणी ना कुणी काढतोच, बहुधा मुलगाच. आणि नेमकं तेवढंच काढतो. मागची ओळ त्याने वाचलेली नसते, पुढची तर नाहीच. म्हणून हे पत्र.

हे वाक्य पहिल्या शतकातला प्रेषित संत पौल याच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. त्याच्या जरा आधी, एकविसाव्या वचनात, ‘एकमेकांच्या अधीन राहा’ असं म्हटलं आहे. ते दोघांनाही आहे. मग पत्नीला उद्देशून तीन वचनं येतात आणि त्यानंतर पतीला उद्देशून आठ. ते पत्र ज्या काळात वाचलं गेलं, त्या काळात रोमन कायद्याने घरच्या कर्त्याचा मुलाबाळांवर आणि गुलामांवर केवढा तरी हक्क होता, आणि बायकोवरही रिवाजाने त्याचंच चालायचं. ‘तू घरातला मोठा’ हे त्याला पौलाने सांगायची गरजच नव्हती. त्याला नवीन होतं ते पुढचं: ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे आपल्या अनुयायांच्या समुदायासाठी, स्वतःला दिलं, तशी तू बायकोवर प्रीती कर. मस्तक व्हायचं तर ख्रिस्तासारखं व्हा, असा त्याचा अर्थ. आणि ख्रिस्ताने मरणाच्या आदल्या रात्री काय केलं? कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पवित्र गुरुवारी आमचे धर्मगुरू वेदीपुढे तेच करतात, आम्ही रांगेने बसून ते पाहतो आणि घरी येऊन ‘पाणी आण गं’ म्हणून ओरडतो.

लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, अनेकदा हा उतारा पूर्ण वाचला जातो, त्यामुळे चूक वाचणाऱ्याची नाही. संध्याकाळी मांडवात कुणीतरी वडीलधारा माइक हातात घेतो, तेव्हा अकरा वचनांतलं एकच शिल्लक राहिलेलं असतं.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचंही असंच झालं आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायात ‘मर्दासारखे वागा, खंबीर व्हा’ असं वचन आहे. हल्ली मुलांच्या मोबाइलवर परदेशी वक्त्यांचे व्हिडिओ फिरतात, त्यांत हे फार आवडीने म्हटलं जातं. मूळ ग्रीक शब्द खरोखरच रणांगणाचा आहे. यार्देन नदी ओलांडण्याआधी इस्राएलांचा पुढारी यहोशवा याला ‘हिंमत धर’ असं सांगितलं गेलं, त्या जागी जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद येतं. पण पौल तिथे थांबत नाही. लगेच पुढचं वाक्य आहे: जे काही कराल ते प्रीतीने करा. आणि हे तो सांगतो कुणाला? करिंथची मंडळी काही भित्री नव्हती. त्यांच्यात तट पडले होते, ते एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनाला श्रीमंत आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. भांडखोर माणसांना तो सांगतो आहे की हिंमत दाखवायची तर अशी दाखवा.

आमच्या वसईचंच उदाहरण घ्या. संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. व्यापारात चांगला जम बसलेला असताना तो सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन या संन्यस्त संघात साधे ब्रदर झाले. जपानी भाषा येत होती म्हणून 1593 मध्ये दुभाषी म्हणून जपानला गेले. तिथे क्योटोत त्यांच्या संघाने कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढलं होतं. पुढे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना आणि सोबत्यांना पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांत एक मुलगा जेमतेम बारा वर्षांचा होता. 1862 मध्ये गोन्सालोंना संतपद मिळालं. शाळेत मी ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली, आणि भाले आले की मुलं श्वास रोखून ऐकायची. कुष्ठरोग्यांचं रुग्णालय मी अर्ध्या वाक्यात उरकायचो. आज मला वाटतं, भाल्यापुढे उभं राहायचं बळ त्या जखमा धुतानाच अंगी येत गेलं असणार.

अलीकडचे आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटोही तसेच. गुंडांच्या दहशतीने वसईतली माणसं जमिनीबद्दल ब्र काढायला घाबरत होती, तेव्हा ‘हरित वसई’ चळवळीच्या झेंड्याखाली ते पुढे उभे राहिले. त्यांनी कुणावर हात उगारायला सांगितलं नाही. 2024 च्या जुलैत ते गेले.

आता एक गोष्ट लिहितो, ती लिहायला मला जड जातं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका बाईला नवरा मारायचा. ती एका मानाच्या वडीलधाऱ्याकडे गेली. ते म्हणाले, ‘बाळा, हा तुझा क्रूस समज आणि वाहा.’ मी तिथेच बसलो होतो. तिच्या मनगटावर बांगडी फुटून रुतल्याचे व्रण होते, ते मी पाहिले आणि गप्प राहिलो. त्या वेळी मला ते धर्माला धरून वाटलं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या आपल्या पत्रात स्पष्ट लिहिलं की बायकांवरचा असा अत्याचार ही पुरुषी ताकद नसून भ्याडपणा आहे. ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तीच बाई आठवली. ख्रिस्ताने क्रूस स्वतः उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो टाकणारे सैनिक होते.

माझे वडील शाळा फारशी शिकले नव्हते. केळी आणि पानवेलीच्या वाडीत त्यांचा जन्म गेला. आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. ती आयुष्यभर आमच्याकडचं लाल लुगडं नेसलेली, गाऊन घालायला तयार होईना. बाबा काकूकडून लुगडं नेसवायला शिकले. नऊवार कापड, निऱ्या दातांत धरायचे, गुडघ्यावर बसून ओचा सारखा करायचे, मग मागे जाऊन कासोटा ओढायचे. पहिले काही दिवस ते चुकून सुटायचं, पुन्हा पहिल्यापासून नेसवायचे. विहिरीवर लोक हसले. एकाने तोंडावरच विचारलं, ‘काय रे, बायकोचं लुगडं नेसवतोस?’ बाबा रहाटावरचा हात न काढता म्हणाले, ‘कासोटा ढिला राहिला तर ती चालताना पडेल.’ असं त्यांनी सहा वर्षं केलं.

माझी विनंती माझ्याच समाजातल्या वडीलधाऱ्यांना आहे. मांडवात बोलताना इफिसकरांचं वचन घ्यायचं असेल तर एकविसाव्या वचनापासून घ्या आणि नवऱ्याच्या वाट्याचंही तितक्याच मोठ्या आवाजात म्हणा. मार खाऊन कुणी दाराशी आली तर तिला क्रूस सांगू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तो नंबर तिला लावून द्या आणि ती बोलेपर्यंत शेजारी बसा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
वसई, जि. पालघर