संशय बाजूला ठेवून गाडी तपासणाऱ्या मेकॅनिककाकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

कामाच्या ठिकाणी उभ्या केलेल्या गाडीला कुणीतरी हात लावलाय, आणि तो बहुधा आपल्याच विभागातला सहकारी आहे, असा संशय घेऊन लोक तुमच्याकडे येतात. तुम्ही त्या सहकाऱ्याचं नावसुद्धा विचारत नाही. गाडी कुठे आणि किती वेळ उभी होती, कुलूप लावलेलं होतं का, शेवटचं काम कधी झालं, दुसरी चावी कुणाकडे असते, एवढं लिहून घेता आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरता. पार्किंगची सुरक्षा आणि गाड्यांच्या तक्रारी पाहणारे आम्ही सगळे तुमच्या या पद्धतीचे मनापासून ऋणी आहोत. पत्र मुद्दाम खुलं लिहितो आहोत, कारण तुमच्याकडून शिकलेलं अशा पेचात सापडलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

बिघडलेल्या जागी बाहेरून हात पोहोचतो का, हे तुम्ही सगळ्यात आधी पाहता. बहुतेक गाड्यांचं बोनेट आतल्या खटक्याने उघडतं. त्यामुळे कुलूपबंद गाडीच्या बोनेटखाली वरच्या बाजूची वायर तुटलेली निघाली, तर आधी चावीचा आणि उंदरांचा विचार करायचा. उंदराने कुरतडलेल्या आवरणाच्या कडा दातेरी असतात, तांब्याच्या तारा विस्कटलेल्या असतात आणि आसपास लेंड्या किंवा घरट्याचा कचरा सापडतो. कटरने कापलेली वायर सपाट तुटते आणि तिची दोन्ही टोकं एकमेकांना जुळतात. काप ताजा असेल तर तांबं चकचकीत दिसतं, जुना असेल तर काळवंडलेलं. टायर, व्हील नट, चाकामागचा ब्रेकचा रबरी होज (ब्रेक ऑइल नेणारी नळी), गाडीखालचे पाइप यांना मात्र चावी लागत नाही. तिथे तुम्ही जास्त वेळ घालवता, आणि ते बरोबरच आहे.

ब्रेकबद्दल तुम्ही समजावलेलं आम्ही आता प्रत्येक गाडीवाल्याला सांगतो. ब्रेक पॅड झिजतात तशी टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एका दिवसात ती खाली गेली तर गळती आहे. गाडी हलवण्याआधी खाली ओल आहे का ते बघायचं, इंजिन चालू करून पेडल दाबून अर्धा मिनिट धरायचं. पेडल हळूहळू खाली बसत गेलं किंवा डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी जागची हलवायची नाही, टो करून न्यायची. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. पण थांबायला अंतर खूप जास्त लागतं, म्हणून ‘गॅरेजपर्यंत सावकाश नेतो’ हा विचार जिवावर बेतू शकतो.

होज फुटलेला दिसला की लोक लगेच ‘कापला’ म्हणतात. वय झालेल्या होजवर वाकतो त्या जागी बारीक बारीक भेगांचं जाळं दिसतं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो टायरला घासत असेल तर एका बाजूने गुळगुळीत झिजतो. पुष्कळदा गळती धातूच्या जोडापाशी असते. पात्याचा काप सरळ असतो, रबर आणि आतला विणलेला धागा एकाच रेषेत तुटलेला असतो आणि आसपास घासल्याची काहीच खूण नसते. असा होज हातात वाकवून बघायचा नाही, काप रुंदावतो आणि मूळ आकार जातो. फोटो आधी.

सैल व्हील नटांच्या बाबतीत तर तुमच्यामुळे कितीतरी निरपराध माणसांवरचा आळ टळतो. नुकतंच पंक्चर काढलेल्या किंवा टायर बदललेल्या एकाच चाकाचे नट सैल असतील, तर ते नीट आवळले गेले नव्हते ही शक्यता सगळ्यात मोठी. बहुतेक लहान आणि मध्यम गाड्यांत हे नट ९० ते १२० न्यूटन मीटरच्या (आवळण्याचा जोर मोजायचं एकक) आसपास आवळतात (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो) आणि चाक काढल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासायचे असतात. ही दुसरी तपासणी फार थोडे लोक करतात. ज्या चाकांना कुणी हातच लावलेला नाही त्यांचे नट सैल निघाले, त्यावर पान्याचे ताजे ओरखडे असले, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. कमी वेगात चाकातून टक-टक आवाज आणि स्टिअरिंगला थरथर ही पहिली लक्षणं. नट सैल असताना गाडी चालली असेल तर नुसतं आवळून भागत नाही. रिमची भोकं आणि बोल्टचे आटे बघावे लागतात, खराब झाले असतील तर बदलावे लागतात. नटापासून रिमपर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढायची तुमची युक्ती आम्ही सगळीकडे पोहोचवली आहे. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

टायरची हवा सारखी उतरते, ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिच्यात घातपात क्वचितच निघतो. तापमान ५-६ अंशांनी घटलं की दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. सैल पिन अशी लगेच सापडते. टायरच्या नक्षीत घुसलेला खिळा रस्त्यावरचा असू शकतो. बाजूच्या भिंतीत सरळ भोक असेल तर नोंद करायची, आणि तो टायर पंक्चर काढून वापरायचा नाही.

पेट्रोलमध्ये साखर टाकल्याचा धसका अजून जात नाही. साखर पेट्रोलमध्ये विरघळतच नाही, तळाशी बसते आणि फार तर जाळी किंवा फिल्टर तुंबवते. पाणी जास्त त्रास देतं. टाकीतला नमुना काचेच्या बाटलीत स्थिर ठेवला की पाणी खाली वेगळं दिसतं. ही तपासणी होईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

बॅटरीचं एक सांगायलाच हवं. पुरावा मिळावा म्हणून लोक पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम (गाडीत बसवलेला कॅमेरा) बसवतात, तो रात्रंदिवस वीज खातो, बॅटरी उतरते आणि त्याचाही आळ सहकाऱ्यावर येतो! भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज गाडी बंद असताना साधारण १२.६ असतो. कॅमेरा १२.० ते १२.२ व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होईल अशा जोडणीनेच बसवावा, आणि तुम्ही ती जोडणी नीट करून देता. आवारात चित्रीकरण करायला परवानगी लागते का, हे आधी व्यवस्थापनाला विचारावं.

काका, सगळ्यात जास्त आभार तुमच्या जॉब कार्डाचे, म्हणजे गाडीत काय आढळलं त्याच्या लेखी नोंदीचे. तुम्ही ‘कुणीतरी ब्रेक कापला’ असं कधी लिहीत नाही. ‘उजव्या पुढच्या चाकाच्या होजवर ८ मिलिमीटर लांबीचा सरळ काप, शेजारी घासल्याची खूण नाही, बाकी तीन होज सुस्थितीत’ असं लिहिता. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, ओडोमीटरचा आकडा आणि सही. दिसलं तेवढंच लिहिलेला असा कागद चौकशीत टिकतो. अंदाज लिहिला की समोरचा त्या अंदाजावरच बोट ठेवतो आणि खरी नोंदही वाया जाते. फोटोही तुम्ही तसेच काढता: एक पूर्ण गाडीचा, एक चाकाचा, एक पट्टी शेजारी धरून अगदी जवळून. काढलेला भाग न पुसता पिशवीत बंद करून, चिठ्ठी लावून मालकाच्या हवाली करता. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड पुसण्याआधी त्यांची प्रत काढता. बऱ्याच ठिकाणी जुना भाग भंगारात जातो, कोड पुसले जातात, आणि मग सांगण्यासारखं काहीच उरत नाही.

तुमच्या कागदावर पुढचं काम उभं राहतं. आवारातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्रीकरण डिस्क भरली की पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी लेखी अर्ज करून, पार्किंगची जागा आणि ‘इतक्यापासून इतक्या वाजेपर्यंत’ असा काळ देऊन, ते जपून ठेवायला सांगायचं. मनुष्यबळ विभागाकडे द्यायच्या तक्रारीत तारखा, फोटो, जॉब कार्ड आणि सहकारी काही धमकीवजा बोलला असेल तर त्याचे नेमके शब्द द्यायचे, निष्कर्ष नाही. सोबत ठोस मागणी हवी: कॅमेऱ्यासमोरची जागा, गरज असल्यास वेगळी पाळी. ब्रेक किंवा व्हील नटांना हात लागल्याची चिन्हं असतील तर व्यवस्थापनाच्या उत्तराची वाट बघायची नाही. दुरुस्तीआधी पोलिसांकडे जायचं, विमा कंपनीलाही कळवायचं, कारण दोघांनाही गाडी आहे त्या अवस्थेत बघायची असू शकते. सहकाऱ्याला एकट्याने गाठून जाब विचारायचा नाही, ऑफिसच्या ग्रुपवर नाव टाकायचं नाही. आरोप खोटा ठरला तर मानहानीचं प्रकरण आपल्याच अंगावर येऊ शकतं, खरा असला तर समोरचा सावध होतो. सुट्टीच्या दिवशी, घरासमोर उभी असतानाही तोच बिघाड होत असेल, तर ऑफिसातल्या माणसाचा संशय तिथेच सैल होतो. हेही तुम्हीच विचारायला शिकवलंत.

भीतीने किंवा रागाने धुमसत आलेल्या माणसाला समोर बसवून, ‘ही झीज आहे’ किंवा ‘हे झिजून झालेलं नाही’ हे भाग हातात धरून दाखवायला तुम्ही वेळ देता. कामाच्या गर्दीत हा वेळ काढणं सोपं नाही, याची आम्हाला जाणीव आहे. कार्डाचा नमुना इतर गॅरेजना द्यायची मुभा दिलीत, आणि टो होऊन आलेली गाडी फोटो होईपर्यंत धुवायची नाही ही शिस्त तुमच्या मदतनीस मुलांनी मनापासून पाळली. तुमच्याबरोबर त्यांचेही मनःपूर्वक आभार.

आपले कृतज्ञ,
पार्किंग आणि वाहन सुरक्षा पाहणारे आम्ही सर्वजण